चपलांसकट वजन

घोडं बुडालं तेव्हा मी सात वर्षांची होते.

आम्ही मेंढरांमागची माणसं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि चाऱ्यामागं निघायचं. त्या वर्षी वडगाव रासाईजवळ भीमा ओलांडायची होती. पाणी उतरलं होतं, पण मधली धार अजून ओढत होती. आई वडिलांना म्हणाली, "दोन खेपा करू." वडील म्हणाले, "कशाला? त्याच्यानं जातंय." वाकळा, भांडी, पिठाचं गठुडं, कोंबड्यांचा डालगा, मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी, वाघर, आणि सगळ्यांच्या वर दोन दिवसांचं कोकरू. पाण्यात उतरेपर्यंत घोडं नीट चाललं. मधल्या धारेत वाघर भिजली. ओल्या वाघरीचं वजन कुणी धरलंच नव्हतं. घोड्याचे कान मागे पडले, मान वर आली, आणि मग फक्त नाकपुड्या दिसत राहिल्या. ते ओरडलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. पुढं तोही यायचा थांबला.

त्यानंतर बिऱ्हाड आईच्या डोक्यावर आलं. दोन वर्षं तिनं ते वाहिलं, मग तिची मान धरली. मेंढरं निम्मी झाली, चारा उसानं खाल्ला, आणि आम्ही वडगावच्या शिवारात एका माळावर कायमचे थांबलो. आई दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. कोरड्यास नसलं की भाकरी मिठाच्या पाण्यात बुडवून खायचो. थांबलो म्हणून मी शाळेत गेले. घोडं बुडालं म्हणून शिकले, असं म्हणायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. शिरूरच्या कॉलेजात मी बी.एस्सी. झाले, पदार्थविज्ञान घेऊन. आमच्या भावकीत तोवर कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. हे मी मान वर करून सांगते.

नोकरी मिळाली ती शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. वरच्या मजल्यावर एक खोली, चार कॉम्प्युटर आणि मालक एक सुभेदार. मूळचे दौंडचे. सगळी नोकरी फौजेत हेलिकॉप्टरच्या देखभालीवर झालेली. मी जिना चढून दारात उभी राहिले तर त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. मला राग आला. तेवढ्यात ते म्हणाले, "त्रेचाळीस. चपलांसकट."

"काय त्रेचाळीस?"

"वजन. बस. टायपिंग येतंय का?"

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी 'बी.एस्सी.' होते. मी त्यांना आबा म्हणायचे.

आबांची ही खोड साऱ्या गल्लीला माहीत होती. दारातून कुणी आत आलं की आधी आकडा, मग रामराम. चुकत फारसे नसत. खाली किराणा दुकान होतं. तिथल्या काट्यावर पोरं मुद्दाम चढून बघायची आणि जिन्यातून ओरडायची, "आबा, दोन किलोनं हुकलात!" आबा आतून म्हणायचे, "खिशात काय हाय ते बघ." खिशात खरंच कुलूप नाहीतर गोट्या निघायच्या.

दाराच्या चौकटीला खिळ्यावर एक थर्मामीटर टांगलेलं असे. दर तासाला आबा उठून ते बघायचे आणि आकडा मोठ्यानं बोलायचे, जसं काही आत कुणी तो लिहून घेतंय. दौंडला घरी जायला ते न्हावऱ्याकडच्या जीपला उभे राहत. ड्रायव्हर माणसं कोंबत असे. आबा मोजत असत. बारावं माणूस चढलं की ते उतरायचे.

"आबा, सुटतीय गाडी!"

"सुटू दे."

"आवो, फौजेत व्हता ना तुम्ही? आन् जीपला भेता?"

"व्हय. भेतो."

अशा चार-चार जीपा ते सोडायचे. लोक त्यांना 'भित्रं सुभेदार' म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला मात्र लाज वाटायची. आपला मालक असा कसा, असं व्हायचं.

चौथ्या कॉम्प्युटरवर हेलिकॉप्टर होतं. म्हणजे उडवायचा खेळ, त्या काळी सीडीवर मिळायचा तसा. पण आबा त्याला खेळ म्हणू देत नसत. क्लास सुटला की ते खुर्ची ओढून बसायचे. शिरूर समुद्रसपाटीपासून किती उंच आहे तो आकडा घालायचे, दारातल्या थर्मामीटरवरचं तापमान घालायचं काम माझं, आणि मग माणसं भरायची. खरी माणसं. "किराणावाला, ब्याऐंशी. त्याची बायको, सत्तर. तू. आन् पुढं मी." अशी आम्हा सगळ्यांना घेऊन ते उडायचे. शेजारी एक वही आणि फौजेतून आणलेला एक आलेख, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काळवंडलेला. त्यावर तिरक्या रेघा होत्या. इतकी उंची, इतकं तापमान, मग इतकंच वजन. त्या रेघेच्या पलीकडं जायचं नाही.

"हवा तापली की पातळ व्हती," आबा सांगायचे. "पातळ हवेत पात्याला धराय काय ऱ्हात न्हाई. इंजिनाचा बी जोर कमी पडतो. सकाळी जे वजन उचललं ते दुपारी उचलंलच असं न्हाई. मशीन तेच, माणसं तीच. पर दुपार येगळी."

एकदा त्यांनी मला बसवलं. उन्हाळ्याची दुपार, आत चार माणसं. मी उचललं. ते सहज उचललं गेलं, दोन माणसांच्या उंचीवर तरंगत राहिलं. मी हसले. "आता जा पुढं, वर," आबा म्हणाले. मी पुढं गेले, आणि खालची जमीन वर यायला लागली. मी जोर लावला तसा पात्यांचा आवाज उलट बसत चालला. काच समोर होती, मी लाकडी खुर्चीत बसले होते, तरी मी पाय वर ओढून घेतले. मला नाकपुड्या दिसल्या. फक्त नाकपुड्या.

"ही गादी हाय," आबा शांतपणे म्हणाले. "जमिनीजवळ पाती हवा खाली दाबत्यात, ती जमिनीवर आपटती आन् खालनं आधार देती. मान्साला वाटतं, उचललं की! पुढं गेलं, वर गेलं, की गादी सुटली. मग कळतं खरं वजन." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "भ्यालीस?"

"हो."

"मग बरोबर. भ्यालेला मानूस वजन करतो."

मी त्यांना घोड्याची गोष्ट सांगितली. मग त्यांनी एवढंच विचारलं, "वाघर कोरडी असताना तुझ्या बापानं उचलून बघितली असंल. व्हय ना?"

त्यांची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीही मी विचारल्यावर नव्हे. एका उंच डोंगरी ठाण्यावर ते होते. आठवडाभर ढग होते, त्या दिवशी ऊन पडलं. सगळे खूश. "मी बी खूश. पाठ शेकत बसलो व्हतो." हेलिकॉप्टर निघताना एका अधिकाऱ्यानं रॉकेलचा एक कॅन आत ठेवायला सांगितला, खालच्या चौकीला थंडीत हवा होता. आबांनी थर्मामीटर बघितलं होतं. त्या एका कॅननं रेघ ओलांडली जात होती, हे त्यांना कळत होतं. "मी काय बोललो न्हाई. साहेब मोठं व्हतं. आन् एक कॅन तर हाय, असं वाटलं." ते उचललं गेलं, तरंगलं. कड्याच्या काठापर्यंत गेलं. काठाच्या पुढं गादी नव्हती.

"दोन मान्सं," आबा म्हणाले आणि उठून थर्मामीटर बघायला गेले.

त्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात नवीनच एक हौस सुरू झाली होती. नवरदेव हेलिकॉप्टरनं मांडवात उतरवायचा. निमोण्याचे एक मोठे बागायतदार होते. कारखान्याच्या राजकारणात होते, सगळे त्यांना नानासाहेब म्हणत. त्यांच्या मुलाचं लग्न दौंडजवळच्या एका गावात ठरलं होतं. हेलिकॉप्टरच्या कंपनीनं त्यांच्याकडं आत बसणाऱ्यांची नावं आणि वजनं मागितली होती. ती यादी टाइप करायला ते आमच्या क्लासात आले, सोबत नवरदेवाचा मामा. आबा पोस्टात गेले होते.

"लिही बाळ," नानासाहेब म्हणाले. "नवरदेव. त्याचे मामा. त्याची बहीण, करवली. आणि मी."

"वजनं?"

"साठ."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं साठ लिही. त्यांना कागद पाहिजे, कागद देऊ."

मामांनी पोटावर हात फिरवला. "मला साठ? दाजी, ह्याची एक कापी मला काढून द्या. बायकोला दाखवतो!"

सगळे हसले. मीही हसले. आणि टाइप केलं. साठ, साठ, साठ, साठ. मी बी.एस्सी. होते, रोज तो आलेख बघत होते, आणि नानासाहेब मला 'बाळ' म्हणाले म्हणून मी टाइप केलं.

ते उतरत असतानाच आबा वर आले. दारातच म्हणाले, "जिन्यात भेटला तो एकशे दहा कोण?"

मी यादी दाखवली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली. लग्न मे महिन्यात होतं, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. त्यांनी चौथा कॉम्प्युटर लावला. जिन्यात बघितलेल्या दोघांची आणि अंदाजानं बाकीच्यांची वजनं घातली, पायलट, इंधन. इथं इंधन भरायची सोय नव्हती, म्हणजे ते परतीचं घेऊनच येणार. तापमान बेचाळीस. निमोण्याचं ते शेत आम्हाला माहीत होतं. पुढं उभा ऊस, उसापलीकडं विजेच्या तारा. त्या तारांसाठी आबांनी पडद्याच्या काचेवर चिकटपट्टी आडवी लावली.

दहा वेळा उडवलं. दहाही वेळा ते तरंगलं, पुढं गेलं, आणि पट्टीच्या खाली राहिलं.

"आन् ह्यातलं इंजिन दमत न्हाई," आबा म्हणाले. "खरं दमतं."

मी म्हणाले, "आबा, नानासाहेबांना सांगायला पाहिजे."

"सांगतो. मीच सांगतो. आजच जातो."

संध्याकाळी ते निमोण्याला जाऊन आले. मी क्लास बंद न करता थांबले होते. ते येऊन खुर्चीत बसले. हातात लग्नाची पत्रिका होती, जरीच्या गोंड्याची.

"सांगितलं?"

"चहा झाला."

"आबा, सांगितलं का?"

"पंधरा-वीस मान्सं बसली व्हती. सगळे म्हणाले, या सुभेदार, फौजी मानूस आलं. त्यांनी पत्रिका दिली." त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली. "तोंड उघडलं न्हाई बघ. परत उघडलं न्हाई."

त्यानंतरचे आठ दिवस मी नीट जेवले नाही. कंपनीच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं, त्याचं काही आलं नाही. यादी मागणाऱ्या त्यांच्या पत्रावर दिलेला फोन कुणी उचलत नव्हतं. रोज थर्मामीटर वर चढत होतं आणि आबा आकडा मोठ्यानं बोलायचे थांबले होते.

लग्नाच्या सकाळी ते म्हणाले, "चल." खिळ्यावरून थर्मामीटर काढून त्यांनी रुमालात गुंडाळलं.

निमोण्याच्या त्या शेतात जत्रेसारखी माणसं. हेलिकॉप्टर नऊला येणार होतं, ते आलं सव्वाअकराला. धूळ उडाली, बायकांचे पदर उडाले, बँडवाल्यांचं वाजवणं त्या आवाजात बुडून गेलं. नवरदेव फेटा-तुऱ्यात, हातात कट्यार. मामा कोशाच्या फेट्यात. करवली नऊवारीत, अंगावर घरातलं सगळं सोनं. मागच्या कप्प्यात दोन पोरांनी मोतीचुराच्या लाडवांच्या पाट्या ठेवलेल्या मी बघितल्या, आणि एक पितळी समई. पुरुषभर उंच.

ओली वाघर, मला वाटलं.

आबा हेलिकॉप्टरच्या दिशेनं चालले. नानासाहेबांच्या एका भावानं त्यांना पायलटच्या दाराशीच अडवलं. "सुभेदार, कुठं? फोटो नंतर." आबांचे ओठ हलले, पण आवाज नाही. घाम कपाळावरून डोळ्यांत जात होता. मला कळलं की ते आता मागं फिरतील. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी त्या माणसाच्या काखेखालून सरळ हात घातला आणि पायलटच्या हातात थर्मामीटर दिलं.

"ये क्या है?" पायलट म्हणाला.

"साहब," आबांना एकच शब्द फुटला, "वजन."

मग मी पुढं झाले. "साहेब, वजनाची यादी मी टाइप केलीय. ती खोटी आहे. कुणालाच काट्यावर चढवलेलं नाही."

नानासाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मला आईची मान आठवली. ज्या घरांच्या उसात ती वाकली होती, तशाच घरातलं हे बघणं होतं. पण पायलटनं थर्मामीटर बघितलं होतं. त्यानं इंजिन बंद केलं. "काटा आहे का इथं?"

काटा होता. शेजारच्या कांद्याच्या चाळीत, पोती तोलायचा. चार गडी तो उचलून घेऊन आले. भर वऱ्हाडासमोर नवरदेव काट्यावर चढला, कट्यारीसकट. करवली चढली. नानासाहेब चढले. मामा चढेनात.

"मी काय कांदा हाय का? पोराच्या मामाला तोलताय?"

आबांना आता आवाज सापडला होता. "मामासाहेब, मी वरच्या डोंगरात एक कॅन तोलला न्हाई. दोन मान्सं परत आली न्हाईत. तुमी चढा. चपलांसकट."

मामा चढले. एकशे तेरा. आबा तीन किलोनं हुकले होते.

पायलटनं आपला कागद काढला, बोट फिरवलं आणि दोन बोटं वर केली. दोनच माणसं. सामान काहीच नाही. नवरदेवाबरोबर मामानं जायचं हा मान, आणि बापाची हौस. मामा बराच वेळ काट्यावरच उभे होते. मग खाली उतरले आणि म्हणाले, "पोरगी जाऊ द्या भावाबरोबर. मी जीपनं येतो. पर मी पोचल्याबिगर अक्षता पडल्या तर याद राखा!"

लाडू उतरले, समई उतरली. पाती फिरायला लागली. हेलिकॉप्टर दोन माणसांच्या उंचीवर तरंगलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. हेलिकॉप्टर पुढं झुकलं आणि उसावरून गेलं. ऊस झोपला. क्षणभर ते थोडं बसलं, मग चढलं.

"तार वलांडली?"

"ओलांडली."

"किती?"

"दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मामा असता तर," ते म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडलं. माझ्या मनगटावरची बांगडी फुटलेली होती.

निमोण्याची एकही मुलगी किंवा मुलगा नंतर आमच्या क्लासला आला नाही. आबांचं नाव 'काटेवाले सुभेदार' पडलं. आधीच्या नावापेक्षा हे बरं, असं ते म्हणायचे. एक नुकसान मात्र त्यांच्या मनाला लागलं. थर्मामीटर पायलटच्या खिशात राहिलं आणि हेलिकॉप्टरबरोबर गेलं. दाराच्या चौकटीला नुसता खिळा उरला. दर तासाला आबा उठून दारात जायचे, खिळ्याकडं बघायचे, हात बाहेर काढून हवा चाचपायचे आणि अंदाजानं आकडा बोलायचे.

मी कंपनीला थर्मामीटर परत मागणारी तीन पत्रं पाठवली. आपली वस्तू मागायला कसली लाज. तिसऱ्याला उत्तर आलं. थर्मामीटर सापडत नाही, पण पुण्याच्या ऑफिसात वजनाचे कागद करायला माणूस हवा आहे, ती यादीवाली मुलगी मुलाखतीला येईल का.

नेमणुकीचं पत्र दाखवायला गेले तेव्हा क्लास बंद झाला होता आणि आबा आजारी होते. मुलगी त्यांना सोलापूरला घेऊन चालली होती. दौंड स्टेशनच्या फलाटावर गाठ पडली. सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. मी पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, मला परत केलं आणि फलाटावरच्या वजनाच्या मशीनकडं चालू लागले. लाल दिव्यांचं ते मशीन, नाणं टाकलं की तिकीट देणारं. ते चढले. चाक फिरलं, तिकीट पडलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं.

"किती, आबा?"

"अठ्ठेचाळीस."

"चपलांसकट?"

"चपलांसकट." ते हसले. "आता माझ्यासंगं आनखी एक मानूस बसंल बघ."

गाडी आली. मुलीनं त्यांना आत बसवलं. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. मला वाटलं निरोपाचा आहे. पण तळवा वर होता, बोटं किंचित उघडी. ते हवा बघत होते. गाडी हलली तरी हात तसाच होता.

ते तिकीट मी जपून ठेवलंय. आज पुण्यात आमच्या कंपनीचं कुठलंही हेलिकॉप्टर प्रवासी घेऊन निघतं तेव्हा वजनाच्या कागदावर सही माझी असते. त्या सहीशिवाय पाती फिरत नाहीत. काट्यावर उभं केल्याशिवाय मी कुणाचाही आकडा लिहिलेला नाही.